दोम्निकाच्या छातीचा जुना फोटो

हे सगळं झालं एकोणीसशे त्र्याऐंशी साली. त्या वर्षी ईस्टरच्या आधी आमच्या टेकड्यांवर गारपीट झाली. द्राक्षवेलींचे कोवळे कोंब झडले, आणि घरोघरी परसात मिरचीची रोपं वाढवायच्या ज्या लाकडी पेट्या असतात, त्यांच्यावरच्या काचा फुटल्या. दुकानात काच नव्हती. त्या वर्षांत दुकानात असायचं तरी काय? व्हिनेगर आणि मोहरीच्या बाटल्या. मग बायकांनी नेहमीचा उपाय केला. घरात जुने एक्स-रे असतील ते काढले, राखेच्या कढत पाण्यात भिजवले आणि चिंधीनं घासले. वरचा काळा थर साबणाच्या मळीसारखा सुटून येतो आणि खाली फिकट निळसर, स्वच्छ, वाकणारी काच राहते. आमच्या पोदिशु गावात कित्येकांच्या मिरच्या अशा कुणाच्या मोडक्या पायाच्या, कुणाच्या बरगड्यांच्या फिल्मखाली वाढलेल्या आहेत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

मी तेव्हा तिशीत होते. गावच्या शाळेत लहान मुलांना शिकवायचे. माझा नवरा तोआदेर सामुदायिक शेतावर द्राक्षबागेचा मुकादम होता. घरात आम्ही दोघं, माझ्या सासूबाई अंगेलिना, आणि माझी धाकटी नणंद दोम्निका. सासरे केव्हाच गेले होते. दोम्निका बावीस वर्षांची होती, उंच, हातापायानं मोठी, आणि हसायला लागली की तिला थांबता येत नसे. चर्चमध्येसुद्धा. मग सासूबाई तिला चिमटा काढायच्या आणि ती आणखी हसायची.

पंधराव्या वर्षी तिला क्षय झाला होता. ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. सासूबाईंच्या भावाची ओळख होती, त्यानं तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. गावात सांगितलं, मुलगी ब्राशोव शहरात मावशीकडे शिवणकाम शिकायला गेलीय. ती वर्षभरानं परत आली ती गुबगुबीत होऊन, आणि सुई धरता येईना. शेजारणी म्हणाल्या, "अगं अंगेलिना, ब्राशोवला शिवण शिकवतात की जेवायला शिकवतात?"

निघताना तिथल्या डॉक्टरांनी सासूबाईंच्या हातात एक मोठी फिल्म दिली. म्हणाले, "ही बरी झाल्यावरची छाती आहे. जपून ठेवा. पुढे कधी हिचा फोटो काढला तर ही शेजारी ठेवून बघायला लागेल." सासूबाईंनी ती कपाटामागे सरकवली. मी लग्न होऊन आले तेव्हा झाडू मारताना ती मला सापडली होती. सासूबाईंनी ती माझ्या हातून घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "हे राहू दे."

त्र्याऐंशीच्या वसंतात दोम्निकाचं इलारिएशी ठरलं. इलारिए शेजारच्या गावचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, कमी बोलणारा मुलगा. त्याचे आईवडील नव्हते, त्याला आत्यानं वाढवलेलं. ती पारास्किवा आत्या म्हणजे सगळ्या पंचक्रोशीत जिला लोक घाबरायचे अशी बाई.

आमच्याकडे रीत आहे, ठरल्यावर मुलाकडच्या बायका मुलीचं आंदण बघायला येतात. बघायला म्हणजे नुसतं बघायला नव्हे. पेटी उघडतात, रजया मोजतात, कपाटाची दारं उघडून आत डोकं घालतात, गालिचा उचलून खालची जमीन बघतात. घरच्या बाईनं काही बोलायचं नसतं, वाईन ओतत राहायचं असतं. ईस्टरनंतरच्या रविवारी पारास्किवा आत्या दोन जावांना घेऊन आली. रजया उलट्या करून टाके बघितले. उशा दाबल्या. मग कपाट भिंतीपासून सरकवून मागे बघितलं.

"विहीणबाई, तिथे कोळी असतील हो," सासूबाई म्हणाल्या.

"कोळी असलेले बरे," आत्या म्हणाली. "माशा तरी खातात. आमच्या एका सुनेच्या कपाटामागे तिच्या बापाच्या दारूच्या बाटल्या निघाल्या होत्या."

कपाटामागे काही नव्हतं. दोम्निका हसायला लागली, आत्याही हसली, आणि लग्न ऑक्टोबरात द्राक्षं उतरल्यावर करायचं ठरलं. मी काही तेव्हा कपाटामागे काय असायला हवं होतं याचा विचार केला नाही. माझ्या डोक्यात त्या दिवशी पाहुण्यांचा स्वयंपाक होता.

त्या उन्हाळ्यात दोम्निकाला खाज सुटायची. पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. आम्ही म्हटलं गवताची असेल. रात्री तिचा सदरा घामानं ओला व्हायचा, आम्ही म्हटलं उकाडा आहे. ती बारीक झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या नवरी आहे, होणारच. सप्टेंबरात लग्नाच्या दाखल्यासाठी तपासणी करून घ्यायची असते, त्यात छातीचा फोटो आलाच. आम्ही सगळे तालुक्याच्या क्षय दवाखान्यात गेलो. पारास्किवा आत्याही आली, कारण तिला बाजारात बरण्या घ्यायच्या होत्या.

तिथले डॉक्टर स्ट्रातुलात, पन्नाशीचे, बोटं सिगारेटनं पिवळी झालेली. त्यांनी दोम्निकाला बाहेर आत्याजवळ बसवलं आणि आम्हा तिघांना आत बोलावून दार लावलं. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली.

"हे बघा," ते तोआदेरला म्हणाले. "मधली ही पांढरी सावली हृदयाची. वरती ती निमुळती होत जायला हवी, बाटलीच्या मानेसारखी. हिची मान जाड झालीय. आत गाठी आहेत." मग त्यांनी पेन्सिलीचं टोक उजव्या बाजूला ठेवलं. "आणि हे चार ठिपके खडूचे. हा चुना. क्षयाची गाठ बरी होते तेव्हा तिच्यात चुना साठतो. हिला कधी क्षय झाला होता?"

"आमच्या घरात तसलं काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"बाई, चुना खोटं बोलत नाही."

"चुना विहिरीच्या पाण्यातपण असतो."

तोआदेर म्हणाला, "झाला होता. पंधराव्या वर्षी." सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं भर बाजारात त्यांच्या डोक्यावरचा रुमाल ओढला असावा.

"हं," डॉक्टर म्हणाले. "मग दोन शक्यता आहेत. एक म्हणजे जुना क्षय उलटला. दुसरी म्हणजे हे क्षय नाहीच, गाठींचा कर्करोग आहे. दोन्ही छातीच्या मध्ये असेच फुगतात. दोन्हींत ताप, घाम, वजन उतरणं. माझ्याजवळ फक्त आजचा फोटो आहे, आजचा फोटो मला हे सांगू शकत नाही. बरं झाल्यावरचा जुना फोटो कुठंय?"

"तो त्यांनी ठेवून घेतला," सासूबाई म्हणाल्या. "सॅनेटोरियमनं."

"मग जाऊन घेऊन या. त्यात ही मान तेव्हापासूनच अशी जाड असेल, तर ती जुन्या गाठींची आहे, मला घाई करायला नको. तेव्हा ती बारीक असेल, तर हे नवं आहे, आणि मी पोरीला उद्याच्या गाडीनं यासीच्या मोठ्या इस्पितळात धाडतो. एका मिनिटाचं काम आहे. शेजारी शेजारी ठेवायचं, बस."

मी म्हटलं, "दोम्निकाला विचारून बघा. तिनं पाहिला होता."

तिला आत बोलावलं. तिनं पुष्कळ आठवायचा प्रयत्न केला. "झाडासारखं दिसत होतं," ती म्हणाली. "पानं गळलेल्या चेरीच्या झाडासारखं. खोड जाड होतं की बारीक, खरंच नाही आठवत, डॉक्टरसाहेब. मी घरी जायच्या आनंदात होते."

तोआदेर दुसऱ्या दिवशी डोंगरावर गेला. संध्याकाळच्या गाडीनं परत आला तेव्हा आम्ही मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, दोऱ्यानं कापून ताटात घेत होतो. दोम्निका शेजारी दूध आणायला गेली होती. तो बूट न काढताच टेबलाशी उभा राहिला.

"आई, तिथल्या सगळ्या जुन्या फिल्म मागच्या वर्षी चांदी काढायला सरकारजमा झाल्या. पण दोम्निकाची त्यांच्याकडे नव्हतीच. ती तुझ्या हातात दिली होती, म्हणतात."

सासूबाई मामालिगा कापत राहिल्या. दोरा ताणला, फिरवला, कापला.

"आई."

"परसात आहे," त्या म्हणाल्या. "पेटीवर. डावीकडून दुसरी."

तो बाहेर गेला. मी खिडकीतून बघितलं. त्यानं पेटीवरची ती निळसर काच खिळे उपटून काढली आणि मावळतीच्या उजेडाकडे धरली. एकदा अशी, एकदा उलटी. तिच्यातून पलीकडची टेकडी स्वच्छ दिसत होती.

आत आल्यावर तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "का?"

"त्या येणार होत्या ना. कपाट सरकवणार होत्या. मला वाटलं, पोरगी बरी झालीय, आता कुणाला लागतोय तो फोटो."

"मग काल दवाखान्यात खोटं का बोललीस?"

"बाहेर पारास्किवा बसली होती."

त्यानंतर तोआदेर आईशी बोलेनासा झाला. मीठ हवं असलं तर मला म्हणायचा, "तिला सांग, मीठ दे." एका टेबलाशी बसून.

डॉक्टरांना त्यानं सांगितलं, फोटो हरवला. डॉक्टर स्ट्रातुलात वाईट माणूस नव्हते, हे मला इथे लिहायचं आहे. त्यांनी खूप विचार केला. म्हणाले, "गाठीचा तुकडा काढायचा तर यासीला छातीच्या हाडामागे, मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ सुरी घालावी लागते. त्यात जोखीम आहे. आणि आपल्या भागात, चुना असलेल्या छातीत गाठ फुगली की ती क्षयाचीच निघते. माझ्या सगळ्या नोकरीत वेगळं निघालं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. आपण क्षयाची औषधं सुरू करू. दोन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. गाठी वितळल्या तर क्षयच."

लग्न पुढे ढकललं. दोम्निकानं इलारिएला स्वतःच सांगितलं, आमच्या फाटकाशी उभं राहून, कुणाला न विचारता. पुढच्या रविवारी पारास्किवा आत्या एकटी आली. सासूबाईंनी तिला बघितलं आणि एप्रनला हात पुसत सरळ म्हणाल्या, "मोडायला आला असाल तर बसू नका."

"बसते," आत्या म्हणाली आणि बसली. "क्षय झाला म्हणून मोडायचं? मला झालाय. माझ्या नवऱ्याला झाला होता. हा इलारिए पाच वर्षांचा असताना यालाही झाला होता. दोन उन्हाळे कन्स्तान्त्साला समुद्रावर होता. गावाला काय सांगितलं होतं माहितीय? त्याला तिथं पोहायला शिकवतायत म्हणून. अजून पोहता येत नाही मेल्याला."

दोम्निका हसली. सगळ्यांत आधी तीच हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. सासूबाई मात्र उठून आतल्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या कपाटाला टेकून उभ्या होत्या. "कुणी सांगत का नाही गं?" त्या म्हणाल्या. "कुणीच कुणाला सांगत का नाही?" मलाही माझ्या माहेरच्या कितीतरी गोष्टी सांगता आल्या असत्या.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक विचित्र गोष्ट झाली. ज्या रोगाचं नाव सात वर्षं कुणी काढलं नव्हतं, तोच असू दे म्हणून सासूबाई दर रविवारी मेणबत्ती लावू लागल्या. "देवा, क्षय असू दे. फक्त क्षय असू दे." मोठ्यानं म्हणायच्या. शेजारणी ऐकायच्या तरी त्यांना आता पर्वा नव्हती.

आणि देवानं ऐकलं असं वाटलं. नोव्हेंबरात ताप गेला. दोम्निका जेवायला लागली. नाताळात तिनं कोबीच्या पानांत गुंडाळलेले डुकराच्या मांसाचे सारमाले हाणले, इलारिएबरोबर बर्फात घसरगाडीवर बसली. दोन महिन्यांचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टर स्ट्रातुलात दोन्ही फिल्म शेजारी लावून बराच वेळ बघत राहिले. "बारीक झालीय," ते म्हणाले. "थोडीशी, पण झालीय." त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी तोआदेरला सिगारेट दिली. औषधं चालू ठेवायची ठरली.

जानेवारीच्या शेवटी ताप परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. मार्चमध्ये तिला पाठ टेकून झोपता येईना, उशा रचून बसल्या बसल्या झोपायची, आणि एक दिवस गळ्यावरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. डॉक्टर स्ट्रातुलातनी तिला स्वतःच्या गाडीतून यासीला पोचवलं. पेट्रोल मिळत नव्हतं त्या काळात.

यासीला मी आणि सासूबाई गेलो. तिथे तिचे थरांचे फोटो काढले. टेबलावर झोपवतात आणि डोक्यावरचं यंत्र सरकत जातं, म्हणजे छातीचा एकेक थर वेगळा दिसतो, पाव कापून बघावा तसा. ते फोटो वाचणारी डॉक्टरीण अग्लाया नावाची होती. साठीची, ठेंगणी, पायांत पुरुषी बूट. तिनं सगळ्या फिल्म ओळीनं लावल्या आणि आम्हाला समोर बसवलं. गावातल्या बायकांना कळणार नाही असं तिला वाटलं नसावं.

"क्षय बहुतेक एका बाजूला राहतो," ती म्हणाली. "फुप्फुसाच्या मुळाशी. हा तिचा जुना क्षय, हे खडूचे ठिपके. हे मेलेलं आहे, यानं काही केलेलं नाही. आणि हे बघा. हे छातीच्या हाडाच्या लगेच मागे आहे, दोन्ही बाजूंना, पोत्यातल्या बटाट्यांसारखं एकाला एक चिकटून. श्वासनळी बघा, सरळ हवी ती कशी वाकलीय. असं वागणं क्षयाचं नसतं."

"पण फोटोत कमी झालं होतं," मी म्हटलं. "डिसेंबरात. ताप गेला होता."

"ताप या रोगातही आपला आपण जातो आणि येतो. आणि डिसेंबरच्या फोटोत तिनं छाती भरून श्वास घेतलाय. बरगड्या मोजा. छातीखालचा पडदा खाली गेलाय, म्हणून मधली सावली ताणून बारीक दिसते. पण ठिपके बघा." तिनं दोन्ही फिल्मवर बोट ठेवलं. "सप्टेंबरात इथे. डिसेंबरात इथे. चुना चालत जात नाही. त्याला आतून कुणीतरी ढकललं." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या डॉक्टरला दोष देऊ नका. तालुक्याला बसून मीही हेच केलं असतं. याआधीचा फोटो नाही का? बरं झाल्यावरचा?"

सासूबाई म्हणाल्या, "होता. मी धुतला."

"काय केलंत?"

"राखेच्या पाण्यात. मिरचीच्या पेटीवर लावायला."

डॉक्टरीण त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मिरच्या तरी चांगल्या आल्या का?"

"आल्या, डॉक्टरीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "खूप आल्या. आम्ही अजून लोणचं खातोय."

डॉक्टरिणीनंच आधी नजर वळवली. सासूबाईंनी विचारलं, "तो असता तर?"

"तो असता तर सप्टेंबरात ती माझ्यासमोर बसली असती. तेव्हा ही एवढीशी असेल." तिनं मूठ दाखवली. "हा रोग लवकर सापडला तर बरा होणारा आहे. तेच वाईट आहे त्यातलं. आता प्रयत्न करू."

तुकडा काढून बघितला, तिचंच खरं निघालं. मग किरणांचा उपचार, मग सलाइनमधून औषधं. दोम्निकाचे केस गेले. इलारिए दर शनिवारी यायचा आणि तिच्या पायथ्याशी बसायचा. उन्हाळ्यात ती घरी आली. पंच्याऐंशीच्या ईस्टरनंतर त्यांचं लग्न झालं. केस वीतभर वाढले होते, त्यावर तिनं फुलांचा मुकुट घातला होता, आणि पारास्किवा आत्या चर्चच्या दारात सगळ्यांना सांगत होती, "आंदण मी स्वतः तपासलंय, एक नंबर आहे."

दोन वर्षं चांगली गेली. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गाठी परत आल्या, या वेळी पोटात. यासीच्या लोकांनी जे होतं ते दिलं, आणि मग घरी न्या म्हणाले. इलारिएनं तिला आमच्याकडे आणून सोडलं, कारण तिला परसातलं अक्रोडाचं झाड बघत बसायचं होतं. तोही आमच्याकडेच राहिला.

त्या शरदात एक दुपार. आम्ही दोघी पायरीवर बसून अक्रोड सोलत होतो. म्हणजे मी सोलत होते, ती मांडीवर टोपली धरून होती. तोआदेर अंगणातून गेला, समोर सासूबाई लाकडं वेचत होत्या त्यांच्या बाजूनं, न बघता. चार वर्षं तसंच चाललं होतं.

"वहिनी," दोम्निका म्हणाली, "दादाला सांग ना, आईशी बोल म्हणावं."

"तूच सांग. माझं कुठं ऐकतो?"

"मी सांगितलं तर त्याला वाटेल मी मरतेय म्हणून मोठेपणा करतेय." मग टोपलीतले अक्रोड चाळवत म्हणाली, "ती फिल्म आईनं काढली नव्हती. आई नको म्हणत होती. डॉक्टरांनी जपायला सांगितलीय, म्हणाली, शेजारच्या माळ्यावर ठेवू, विहिरीच्या खोपट्यात ठेवू. मीच म्हटलं, धू. मला ती घरात नकोच होती. लग्न होऊन निघताना ती माझ्या मागे राहायला नको होती. ती शेवटपर्यंत नाही म्हणत होती, मग मीच कपाट सरकवलं आणि पाण्यात घातली. माझ्या हातानं घासली. फार छान वाटलं मला, वहिनी. खोटं नाही सांगत. काळं जात होतं आणि मला छान वाटत होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आईनं बोलू दिलं नाही. दर वेळी आधी तीच बोलायची."

त्याच संध्याकाळी मी तोआदेरला सांगितलं. तो ऐकून सरळ स्वयंपाकघरात गेला. सासूबाई चुलीशी होत्या. चार वर्षांनी त्यानं त्यांना हाक मारली, "आई, दोम्निका म्हणते फिल्म तिनं धुतली."

सासूबाईंचा हात थांबला नाही. "ती त्या दिवशी घरीच नव्हती," त्या म्हणाल्या. "बागेत वेली बांधायला गेली होती, तूच नेलंस तिला. मला वाचवायला बोलतेय पोर. तिचं ऐकू नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण हे तिच्यावर येऊ देऊ नकोस."

तोआदेर आठवायला लागला. त्या आठवड्यात त्यानं तिला एक दिवस बागेत नेलं होतं खरं. पण तो शुक्रवार होता की शनिवार, फिल्म कोणत्या दिवशी धुतली, हे आता कोण सांगणार? तो टेबलाशी बसला. सासूबाईंनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यानं म्हटलं, "मीठ दे." त्यांनी दिलं.

दोम्निका अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेली. जमीन गोठलेली होती, खड्डा खणायला आधी शेकोटी पेटवावी लागली. डॉक्टर स्ट्रातुलात मातीला आले होते. सगळ्यांच्या मागे उभे होते, आणि कुणी हात पुढे केला तरच हात मिळवत होते. पुढे त्यांनी आपल्या दवाखान्यात नियम केला की फिल्म कुणाच्या हातात द्यायची नाही. त्यावरून त्यांची वरच्या अधिकाऱ्यांशी बरीच भांडणं झाली असं ऐकलं. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर ते निवृत्त झाले आणि मुलाकडे गालात्सला गेले. डॉक्टरीण अग्लायाचं पुढे काय झालं मला कळलं नाही. मी एकदा नाताळात अक्रोड पाठवले होते, पोचल्याचा निरोप आला नाही. पारास्किवा आत्या नव्वदी ओलांडून, शेवटच्या दिवसापर्यंत शेजारच्या सुनांना बोल लावत गेली.

सासूबाई शहाण्णव साली गेल्या. आजारी होत्या तेव्हा मी त्यांना न्हाऊ घालायचे. एकदा घरात कुणी नव्हतं, मी विचारलं, "आई, आता तरी सांगा. कुणी धुतली?" त्या म्हणाल्या, "मी." आणि पाणी थंड झालंय म्हणून माझ्यावर चिडल्या.

तोआदेर शेवटपर्यंत आईचं खरं मानत राहिला. मी दोम्निकाचं मानते, कारण ते छान वाटल्याचं कुणी बनवून सांगणार नाही असं मला वाटतं. पण आम्ही यावर कधी भांडलो नाही. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

इलारिए दहा वर्षं तसाच राहिला, मग इटलीत तोरिनोला गेला. तिथे गॅरेजात लागला, आमच्याच बाजूच्या एका विधवेशी लग्न केलं. त्यांना मुलगी आहे, तिचं नाव त्यानं दुसरंच ठेवलं, आणि ते मला बरं वाटलं. ईस्टरला तो फोन करतो. तब्येत विचारतो, अक्रोड कसे आलेत विचारतो, हवा कशी आहे विचारतो. फिल्म कुणी धुतली हे त्यानं मला कधी विचारलेलं नाही.